कंदिलाच्या उजेडात दोन चेहरे: सुपर १६ वर शूट केलेल्या एका रात्रीच्या सीनचं प्रकरण

पार्श्वभूमी

२००९ च्या सुमाराची गोष्ट. मराठी फीचर, बजेट बेताचं, ३५ एमएम काही परवडणार नव्हतं, त्यामुळं सुपर १६ वर, म्हणजे १६ एमएमच्या छोट्या फिल्मवर, शूट करायचं आणि शेवटी ३५ वर ब्लो-अप, म्हणजे मोठं, करून थेटरात लावायचं असा हिशोब, तेव्हा बरेच जण असंच करायचे. नावं, गाव मुद्दाम गाळलंय आणि कथेचे तपशीलही थोडे इकडंतिकडं केलेत, पण लाइटिंगचा आणि एक्सपोजरचा भाग जसा घडला तसाच ठेवलाय. मी कॅमेरा डिपार्टमेंटला असिस्टंट होतो, मीटरच्या रीडिंगची वही माझ्याकडं असायची.

स्टॉक होता कोडॅकचा व्हिजन ३, ५०० टी, म्हणजे ७२१९. टंगस्टनला, म्हणजे बल्बच्या पिवळसर उजेडाला, बॅलन्स केलेला, रेटिंग, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ५००. लेन्स झाइसच्या सुपर स्पीड, टी १.३ पर्यंत उघडणाऱ्या (टीचा आकडा जेवढा लहान, तेवढी लेन्स जास्त उघडी). ४०० फुटांचा रोल २४ फ्रेमला साधारण ११ मिनिटं चालतो, त्यामुळं चार मिनिटांचा एक टेक म्हणजे रोलचा तिसरा हिस्सा गेला, आणि प्रॉडक्शनवाला बाहेर पडवीत बसून मनातल्या मनात फूट मोजत असायचा.

सीन असा: रात्र, लाइट गेलेले, कोकणातल्या जुन्या कौलारू घराचं माजघर. आजी एकटी. तिच्या मुलाबरोबर बोटीवर काम करणारा खलाशी तिला काहीतरी सांगायला आलाय, पण त्याच्या तोंडून ते निघत नाहीये. संवाद जवळजवळ नाहीतच, सगळं त्याच्या चेहऱ्यावर. दिग्दर्शकाला हे एका लांब मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा सीन एका शॉटमध्ये, हवं होतं, वर एकेक क्लोज.

जागा दिसायला भारी आणि लाइटिंगला महाबेकार. खाली शेणानं सारवलेली जमीन, वर धुरानं काळवंडलेले वासे, एक भिंत लाकडी फळ्यांची, तीही जुन्या तेलकट रंगाची. फक्त समोरची एक भिंत चुना दिलेली. अशा खोलीत टाकलेला उजेड परत येतच नाही, शहरातल्या पांढऱ्या रंगाच्या फ्लॅटमध्ये जो फुकटचा फिल, म्हणजे सावली भरणारा परतीचा उजेड, मिळतो तो इथं शून्य.

आता महत्त्वाची गोष्ट. कॅमेरा टेस्ट झाली होती ती आजीचं काम करणाऱ्या ताई आणि खलाशाच्या रोलसाठी आधी घेतलेला नट यांच्यावर. ताई गोऱ्यापान, तो नट गव्हाळ. मग त्या नटाच्या तारखा जमेनात आणि शूटच्या तोंडावर दुसरा घेतला, नाटकातला, ताकदीचा माणूस, आणि रंगानं चांगला काळा. टेस्ट परत करूया असं कुणी म्हणलं नाही. स्टॉक तोच, लेन्स त्याच, बदललाय फक्त चेहरा, असं सगळ्यांच्या डोक्यात. पण टेस्ट असते ती मुळात चेहऱ्याचीच ना!

अडचण काय झाली

पहिल्या रात्री डीओपीनं, म्हणजे सिनेमॅटोग्राफरनं, नेहमीसारखं इन्सिडेंट मीटरवर काम केलं, म्हणजे नटाच्या चेहऱ्याजवळ पांढरा डोम धरायचा आणि पडणारा उजेड मोजायचा. लेन्स टी २ वर, आणि कंदिलाचा फील यावा म्हणून ‘की’, म्हणजे मुख्य लाइट, दीड स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), मीटर टी १.२ च्या आसपास दाखवत होता. ५०० रेटिंगला टी २ साठी साधारण १० फूट-कॅण्डल (उजेड मोजायचं एकक) लागतात, इथं होते जेमतेम साडेतीन.

इन्सिडेंट मीटर खोटं बोलत नाही, पण तो पडणारा उजेड सांगतो, परत येणारा नाही. त्याचं गणित १८ टक्के ग्रेवर. गोरी त्वचा साधारण ३५ टक्के उजेड परत देते, म्हणजे ग्रेपेक्षा एक स्टॉप वर. त्यामुळं ताईंवर की दीड स्टॉप खाली ठेवला तरी त्यांचा चेहरा निगेटिव्हवर बसला ग्रेच्या फक्त अर्धा स्टॉप खाली, रात्रीच्या सीनला अगदी झकास. आमच्या नटाची त्वचा ग्रेच्या जवळपास एक स्टॉप खाली. तोच की, तोच दीड स्टॉप, आणि त्याचा चेहरा जाऊन बसला अडीच स्टॉप खाली, तीही उजेडाची बाजू. सावलीची बाजू अजून दोन स्टॉप खाली धरा. साडेचार स्टॉप खाली म्हणजे निगेटिव्हच्या तळाशी, तिथं माहिती कमी आणि ग्रेनच जास्त, त्यात १६ ची एवढीशी फ्रेम, आणि पुढं ब्लो-अप.

वर अजून एक गोष्ट झाली जी तेव्हा पटकन कुणाच्या लक्षात आली नाही. कंदिलाचा रंग यावा म्हणून बेबीवर, म्हणजे छोट्या स्पॉटलाइटवर, सीटीओ, म्हणजे केशरी जेल, लावलेला आणि शिवाय डिमरवर खाली आणलेला. टंगस्टन बल्ब डिम केला की अजून पिवळा-केशरी होतो. ५०० टी हा ३२०० केल्विनला बॅलन्स केलेला, त्याच्या खूप खाली गेलात की निळ्या लेअरपर्यंत काही पोचतच नाही. म्हणजे आधीच उजेड कमी पडलेला चेहरा, त्यातला निळा भाग तर उपाशीच.

निगेटिव्ह रातराणी बसनं मुंबईच्या लॅबला जायची आणि टेलिसिनेची, म्हणजे फिल्मवरून व्हिडिओवर उतरवलेली, डीव्हीडी तीनचार दिवसांनी परत यायची. लॉजवरच्या टीव्हीवर लावली. आजी सुंदर, पांढरं लुगडं, रुपेरी केस, सुरकुत्या. खलाशी म्हणजे दोन डोळ्यांचे पांढरे भाग आणि भोवती वळवळणारा ग्रेन. काळा पण काळा नाही, राखाडी-दुधाळ झालेला, कारण टेलिसिनेवाल्यानं चेहरा काढायच्या नादात सगळंच वर उचललेलं. लॅबच्या रिपोर्टमध्ये प्रिंटर लाइट, म्हणजे प्रिंट छापताना किती उजेड लागतो त्याचा आकडा, विशीच्या खाली. हे आकडे १ ते ५० च्या स्केलवर असतात, नीट एक्सपोज केलेली निगेटिव्ह पंचविशी-तिशीच्या घरात छापली जाते, आणि कॅमेऱ्यातला एक स्टॉप म्हणजे सातआठ पॉइंट. आकडा खाली म्हणजे निगेटिव्ह पातळ. विशीच्या खाली हे वाचून डीओपी काही न बोलता बाहेर चहा प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी सेटवर एका एडीनं, म्हणजे असिस्टंट डायरेक्टरनं, नटाच्या समोरच, मोठ्यानं, ‘मेकअप दादा, सरांना जरा उजळ करा, चेहरा दिसत नाहीये’ असं म्हणलं. नट काही बोलला नाही. पण त्यानंतर तो व्हिडिओ असिस्टच्या मॉनिटरजवळ फिरकायचा बंद झाला. मॉनिटर म्हणजे काय तर फिल्म कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून काढलेलं फडफडतं ब्लॅक अँड व्हाइट चित्र, त्यावरून फ्रेम कळते, एक्सपोजर कळत नाही, पण रशेस, म्हणजे ते शूट झालेले शॉट, बघितल्यापासून दिग्दर्शकाची नजर मॉनिटरवरच आणि दर शॉटला ‘दिसतोय का, दिसतोय का’ सुरू.

पर्याय

त्या संध्याकाळी गॅफर, म्हणजे लाइटवाल्यांचे प्रमुख, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, डीओपी, दिग्दर्शक आणि मेकअप दादा असे बसले. जे जे सुचवलं गेलं ते सांगतो, कारण यातला प्रत्येक पर्याय तेव्हा कुठल्या ना कुठल्या सेटवर रोज वापरला जायचा.

लॅबला सांगून एक स्टॉप पुश करायचं, म्हणजे फिल्म जास्त वेळ डेव्हलप करायची, हे पहिलं सुचलं कारण त्यात सेटवर कुणाला काही करावं लागत नाही. पण पुशनं सावलीत नसलेला तपशील येत नाही, जे आहे त्याचा कॉन्ट्रास्ट वाढतो आणि ग्रेनही. शिवाय रोल अख्खा पुश होतो, म्हणजे ताईंचं लुगडं अजून जळणार, पांढरंफटक होणार. बाद.

मेकअपनं दोन शेड उजळ करायचं. मेकअप दादांचं म्हणणं प्रामाणिक होतं, ते वर्षानुवर्षं हेच करत आलेले, कॅमेऱ्यावर असंच लागतं असं त्यांना शिकवलं गेलेलं. पण मग मान, कान, हात? दिवसाचे समुद्रावरचे सीन त्याच्या स्वतःच्या रंगात आधीच झालेले, त्यांचं काय? आणि उन्हात जाळी ओढणारा माणूस रात्री कंदिलासमोर राखाडी कसा होईल? डीओपीनं याला सरळ नाही म्हणलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय. फोटोग्राफीच्या लॅबा दशकानुदशकं रंग जुळवत आल्या त्या गोऱ्या बायकांचे फोटो असलेल्या शर्ली कार्डांवर. सिनेमाच्या लॅबमध्येही रोलच्या टोकाला ग्रेच्या शेजारी जी ‘चायना गर्ल’, म्हणजे रंग जुळवायला ठेवलेला बाईचा चेहरा, असायची तीही बहुतेक वेळा गोरीच. मेकअपच्या डब्यातल्या सवयी तिथूनच आल्यात, पण म्हणून त्या चेहऱ्यावर थापायच्या का.

नटावर वेगळा बेबी मारून त्याला दोन स्टॉप वर आणायचं. कागदावर बरोबर. पण तो सीनमध्ये उठतो, दारापर्यंत जातो, मागं दुसरी सावली पडणार, आणि हार्ड लाइटनं गडद त्वचेवर कपाळाला आणि नाकाला दोन झगझगीत ठिपके येतात, बाकी चेहरा आहे तिथंच राहतो. लाइट वाढवला की चेहरा उजळतो हे अशा चेहऱ्याच्या बाबतीत अर्धंच खरं.

लेन्स १.३ ला उघडायची. फोकस पुलरनं हात जोडले. चार मिनिटांचा टेक, माणूस चालतोय, खोलीत अंधार. त्याचं बरोबर होतं. शिवाय लेन्स उघडली की दोघंही वर जातात, दोघांमधली तफावत तेवढीच.

ही तफावत म्हणजेच खरा प्रश्न, हे बोलता बोलता लक्षात आलं. डीओपीनं स्पॉट मीटर काढला, एक डिग्रीवाला, म्हणजे छोट्या जागेवरून परत येणारा उजेड मोजणारा, आणि ताईंचा गाल आणि नटाचा गाल एकाच उजेडात मोजला. फरक जवळपास दोन स्टॉप. लुगडं ताईंच्या गालाच्याही दीड स्टॉप वर. मग मामांनी विचारलं की कंदील आजीच्या बाजूला का ठेवलाय? दिग्दर्शक म्हणाला कारण कंदील तिच्या हातात आहे, लिहिलंय तसं. मामा म्हणाले, ‘सर, मग तिनं तो त्याच्यापुढं ठेवला तर?’

बसल्या बसल्या गणित केलं. नट कंदिलापासून दोन फुटांवर आणि आजी चार फुटांवर. अंतर दुप्पट की उजेड चौथाई, म्हणजे दोन स्टॉप. म्हणजे ज्या दोन स्टॉपसाठी आम्ही डोकं फोडत होतो ते नुसत्या कंदिलाच्या जागेत होते, आणि बघणाऱ्याला ते पटणारही होतं, कारण उजेड जवळ आहे हे समोर दिसतंय. दिग्दर्शकाला थोडा वेळ लागला, मग तोच खूश झाला: म्हातारी कंदील घेऊन येते, याचा चेहरा बघायला म्हणून त्याच्यापुढं ठेवते आणि स्वतः मागं अंधारात बसते. सीनला जे हवं होतं तेच.

काय केलं

लगेच रीशूट करायचं की आधी टेस्ट, यावर खटका उडाला. निर्मात्याला त्याच रात्री उरकायचं होतं, घर मिळालेलं होतं, ताई हजर होत्या. डीओपी अडून बसला की रशेस बघितल्याशिवाय परत रोल घालणार नाही. शेवटी मधले दिवस बाहेरचे दिवसाचे सीन पुढं ओढले आणि एका शॉर्ट एंडवर, म्हणजे रोलच्या उरलेल्या तुकड्यावर, टेस्ट काढून बसनं पाठवली.

टेस्ट साधीच पण नीट. दोन्ही चेहरे शेजारी शेजारी, हातात ग्रे कार्ड, आणि की नॉर्मलपासून अर्ध्या अर्ध्या स्टॉपनं खाली. एकदा नटाला पावडर लावून, एकदा पावडर पूर्ण पुसून आणि बोटाच्या टोकावर घेतलेलं खोबरेल तेल गालाच्या हाडावर आणि कपाळाच्या कडेला चोळून. एकदा बेबी सरळ, एकदा बेबी बाजूच्या कापडावर मारून. कापड म्हणजे बाजारातून आणलेलं मांजरपाट, कोरं, किंचित पिवळसर, बांबूच्या चौकटीवर ताणलेलं, साताठ फूट रुंद.

हा शेवटचा प्रकार बघण्यासारखा होता. पावडर लावलेल्या गालावर उजेड पडून मरत होता, गाल सपाट. पावडर पुसून तेच मांजरपाट बाजूला आणलं तर कानापासून हनुवटीपर्यंत एक लांबट मऊ चमक उतरली, गालाचं हाड, जबड्याची रेघ, सगळं दिसायला लागलं, आणि स्पॉट मीटरनं त्या चमकेचं रीडिंग गालाच्या बाकी भागापेक्षा एक स्टॉपहून जास्त दाखवलं. लाइट एक वॅटही वाढवला नव्हता. गडद त्वचा उजेड स्वतःतून कमी परत देते पण पृष्ठभागावरून आरशासारखी छान देते, तिला मोठं, मऊ काहीतरी दाखवावं लागतं जे तिच्यात उमटेल. आपल्याकडं हे नवीन नाही, सुब्रत मित्रांनी १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराच्या सेटवर अंगणावर कापड ताणून बाउन्स लाइट, म्हणजे कापडावरून परतवलेला उजेड, वापरलाच होता, फक्त आम्ही चेहऱ्याच्या बाजूला ताणलं.

लॅबमधल्या ग्रेडरनं, म्हणजे प्रिंटचा उजेड-रंग ठरवणाऱ्यानं, फोनवर आकडे सांगितले, नंतर डीव्हीडी आली, आणि मग पुढचे निर्णय पटापट झाले.

रेटिंग ५०० ऐवजी ३२०, म्हणजे निगेटिव्हला दोन तृतीयांश स्टॉप जास्त. छापताना खाली आणायचं, म्हणजे काळा काळाच राहील. टी २ ला आता नॉर्मल म्हणजे साधारण १६ फूट-कॅण्डल. नटावर की तेवढाच ठेवला, म्हणजे त्याची त्वचा बसली ग्रेच्या एक स्टॉप खाली आणि चमक ग्रेच्या आसपास. सावलीची बाजू कुठल्याही परिस्थितीत तीन स्टॉपच्या खाली जाऊ द्यायची नाही, त्यासाठी कॅमेऱ्याच्या बाजूनं उजेड परतवायला थर्माकोल, फार लांबून. ताई कंदिलापासून लांब, त्यांच्यावर की दीड ते दोन स्टॉप खाली. दोघांचा चेहरा सारखा आणायचा नाही हे डीओपीनं ठरवूनच टाकलेलं, दोघं एकाच कंदिलासमोर बसलेत, त्यांचे रंग वेगळे आहेत, ते वेगळेच दिसले पाहिजेत.

सीटीओ अर्ध्यावर आणला, डिमर जवळजवळ पूर्ण वर आणि उजेड लाइटपुढच्या तारेच्या जाळीनं कमी केला, म्हणजे निळ्या लेअरलाही काही मिळेल. केशरी रंग छापताना घालता येतो. मात्र ग्रेडरनं ‘चूक’ समजून तो काढू नये म्हणून रोलच्या सुरुवातीला ग्रे कार्ड कोऱ्या ३२०० उजेडात शूट केलं आणि मग जेल आत घेतली, शिवाय कॅमेरा शीटवर ठळक अक्षरात लिहिलं. कंदील खराच पेटवलेला, काच एका बाजूनं थोडी काजळी धरलेली.

लुगडं चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं. पाऊण स्टॉप खाली आलं आणि पडद्यावर ते जुनं वापरलेलं वाटलं, पिवळं नाही. नटाला काळ्या फळ्यांच्या भिंतीपुढून काढून चुन्याच्या भिंतीपुढं बसवलं, त्या भिंतीवर कटर, म्हणजे उजेड अडवणारा काळा फलक, लावून उजेड एवढाच सोडला की त्याच्या डोक्याची आणि खांद्याची कड सुटून यावी. पहिल्या रात्री काळ्या भिंतीपुढं काळं डोकं होतं, तिथं मीटर काहीही सांगू दे, माणूस दिसणार कुठून.

शेवटी तो उठून दारात जातो त्या भागावर दिग्दर्शक अडला, तिथंही चेहरा दिसायला हवा. डीओपी म्हणाला तिथं नको. बाहेर अंगणात निळसर बाउन्स, तो त्याच्यापुढं नुसती आकृती. बऱ्याच चर्चेनंतर तसंच ठेवलं. चार मिनिटं चेहरा दिलाय तर शेवटचे काही सेकंद अंधार चालतो, उलट तो हवाच.

आणि नटाशी बोलणं झालं. डीओपीनं त्याला टेस्टच्या वेळी कंदिलापुढं बसवलं, स्पॉट मीटर त्याच्याच हातात दिला आणि सांगितलं, ‘दादा, इकडं तोंड वळवलंत की हा भाग पेटतो, तिकडं वळलात की विझतो, तुम्हाला कुठं पेटायचंय ते तुम्ही ठरवा.’ नाटकातला माणूस, त्याला उजेड शोधणं शिकवावं लागलं नाही. रीशूटच्या टेकमध्ये तो बरोबर मोक्याच्या जागी वळला.

निकाल

मास्टर आणि त्याचा क्लोज एका रात्रीत झाले. प्रिंटर लाइट तिशीच्या घरात आले, ग्रेडरला खाली आणायला भरपूर जागा. ब्लो-अपमध्ये ग्रेन होता, १६ ला असतोच, पण तो पोताचा ग्रेन, कुजलेल्या सावलीचा नाही.

सगळंच सुटलं असंही नाही. आजीच्या खांद्यावरून घेतलेला एक शॉट परत घ्यायला वेळ मिळाला नाही, तो पहिल्या रात्रीचाच गेलाय, एडिटरनं दोनेक सेकंदांवर आणलाय पण माहीत असलेल्याला दिसतो. दुसरं म्हणजे थेटर. पडद्यावर प्रकाश किती हवा याचं प्रमाण १६ फूट-लॅम्बर्ट, तालुक्याच्या सिंगल स्क्रीनमध्ये जुना बल्ब त्याच्या निम्म्यालाही पोचायचा नाही, आणि असा सीन सगळ्यात आधी मरतो. रिलीज प्रिंटला तो रीळ दोन पॉइंट उजळ छापून घेतला. टीव्हीच्या वेळी चॅनलकडून ‘सीन डार्क आहे’ असं परत आलं आणि तिथं कुणीतरी सगळाच सीन उचलला, त्यावर आमचा इलाज नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

नट बदलला त्याच दिवशी पन्नास फूट फिल्म त्याच्यावर घालवायला हवी होती. १६ ला पन्नास फूट म्हणजे सव्वा मिनिटाहून थोडं जास्त. रीशूटच्या एका रात्रीत जनरेटरच्या डिझेललाही याहून जास्त गेले असतील.

इन्सिडेंट की स्पॉट यावर सेटवर लोक भांडतात, मला ते भांडण फुकटचं वाटतं. लाइटिंगचं प्रमाण बांधायला इन्सिडेंट, चेहरा निगेटिव्हवर कुठं बसतोय ते बघायला स्पॉट, आणि दोन वेगळ्या रंगाचे चेहरे एका फ्रेममध्ये असतील तर स्पॉटशिवाय हलायचं नाही. हे आकडे वहीत चेहऱ्याच्या नावानं लिहायचे. त्या सिनेमानंतर डीओपी प्रत्येक मुख्य नटाच्या गालाचं ग्रेपासूनचं अंतर पहिल्या पानावर लिहून घ्यायचा.

पावडरचं मेकअप दादांशी सेटवर नाही, आधी बोलायला हवं होतं, तेल-पावडर हा लाइटिंगचा भाग आहे हे त्यांना टेस्टमध्ये दिसल्यावर लगेच पटलं आणि नंतर तेच आम्हाला येऊन सांगायचे की ‘आज पुसू का?’ कपड्यांचंही तसंच. पांढरं लुगडं आणि कंदील एकत्र येणार हे स्क्रिप्टमध्ये महिनाभर आधी लिहिलेलं होतं.

मतभेद राहिला तो ३२० रेटिंगवर. गॅफर मामांचं अजून म्हणणं आहे की कंदील हलवला, मांजरपाट लावलं, भिंत बदलली, एवढ्यावर ५०० ला पण काम झालं असतं आणि तेवढा जास्तीचा लाइट लागला नसता. कदाचित झालं असतं. पण ब्लो-अप डोक्यात ठेवून बघितलं तर मी तरी ३२० च धरीन, त्या खोलीत तर नक्कीच.